बारा दिवसांचं कारण

तालुक्याच्या कोर्टानं पाणी सयाजीला दिलं आणि धाव नाथाजीला. इतका शहाणा निकाल गावात आजवर कुणी ऐकला नव्हता. थोरल्या विहिरीवर मोट चालवायची तर बैलांना मागं-पुढं व्हायला धाव पाहिजे. विहिरीच्या काठापासून उतरत गेलेली ती सहा गुंठ्यांची पट्टी, बैलांच्या खुरांनी दगडासारखी झालेली. या दोघा चुलतभावांच्या आज्यानं विहीर पाडली तेव्हा ही पट्टीही दोन्ही घरांची होती. मोजणीदारानं नकाशा काढताना ती नाथाजीच्या तुकड्यात टाकली, आणि चाळीस वर्षं कुणाला त्याचं काही वाटलं नाही. लढाईत गुळाला भाव आला तसा नाथाजीला नकाशा आठवला. आता निकालाचा अर्थ असा झाला, की सयाजीनं विहिरीत हवं तेवढं पाणी बघावं, पण बैल आभाळातून चालवावेत.

उंब्रजेपासून दीड कोसावरचं गाव. सयाजी पन्नाशीचा, भाऊबंदात सगळ्यात थोरला. घरात बायको राहीबाई आणि सून लीलाबाई. मुलगा जोतीराम पलटणीत होता आणि पलटण इटलीत होती, म्हणजे असं सगळे म्हणत. शेतात दोन एकर आडसाली ऊस छातीला लागला होता. पोरगा परत येईपर्यंत घर या उसावर उभं राहायचं होतं.

"वर अपील करू," जिल्ह्याच्या गावचे गंगाधरपंत वकील म्हणाले. "तुमची बाजू चांगली आहे सयाजीराव. इतकी वर्षं वहिवाट आहे, ती अशी मोडता येत नाही. पण वीस तारीख अखेरची. आज संक्रांत झाली. मी कागद तयार ठेवतो, तुम्ही अठराला येऊन अंगठा द्या."

"सतराला येतो," सयाजी म्हणाला.

सोळाला नाथाजीची आई, तानुबाई, चुलीपुढं बसल्या जागी गेली.

सयाजीची आई तो रांगत असतानाच मेली होती. तानुबाईनं नाथाजीला एका अंगावर आणि सयाजीला दुसऱ्या अंगावर घेऊन वाढवलं. कोर्टाचं भांडण लागल्यावरही ती बांधावर येऊन सयाजीला हाक मारायची, भाकरी खाल्लीस का विचारायची, आणि नाथाजी दिसला की पदर तोंडाला लावून निघून जायची. सयाजीनं तिला पुढून खांदा दिला. नाथाजीनं डोकं केलं तसं सयाजीनंही केलं, मिशाही काढल्या. दोघं चुलतभाऊ तीन वर्षांनी पहिल्यांदाच एका घोंगड्यावर बसले.

"दादा," नाथाजी म्हणाला, "आता धा दिस कोर्टाचं नाव न्हाई."

"न्हाई," सयाजी म्हणाला. त्याला वाटलं, दोघांचं सुतक एक, म्हणजे खटल्यालाही सुतक. सरकारलासुद्धा आई असतेच की. असा विचार करणारा माणूस कोर्टात जातोच कशाला, हे विचारायला तिथं कुणी नव्हतं.

अठराला दुपारी वकिलांचा कारकून हरी सायकल हातात धरून गावात आला. चाक पंक्चर होतं. सयाजी आला नाही म्हणून वकिलांनी कागद आणि शाईची डबी देऊन त्यालाच पाठवलं होतं. असा वकील दहा गावांत सापडायचा नाही. हरी चाळिशीचा, दम्याचा माणूस. तो नाथाजीच्या सोप्यात शिरला, सगळी भाऊबंदकी भिंतीला टेकून बसलेली, दोन तुळतुळीत डोकी मधोमध. त्यानं आधी हात जोडले आणि मग हळूच डबी उघडली.

"इथं फक्त अंगठा. मी उद्याच दाखल करतो."

सयाजीनं दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

"हरीभाऊ, सुतकात आमच्यात अंगठा देत न्हाईत."

हे खरं होतं. सयाजीच्या आज्याच्या काळात भाऊबंदातल्या एका बाईचा नवरा वारला, आणि तिसऱ्या दिवशी, ती रडत असतानाच, कुणीतरी तिचा अंगठा धरून कागदावर उठवला. बाईची जमीन गेली. तेव्हा आज्यानं सगळ्यांना नदीवर नेऊन, पाणी हातात देऊन नेम घातला : सुतकाचे दहा दिवस कुणी कुणाचा अंगठा घ्यायचा नाही, कुणी द्यायचा नाही, घेतला तर तो कागद फाडायचा. दुःखातल्या माणसाला दहा दिवस सवड. न लिहिता-वाचता येणाऱ्या माणसांनी केलेला कायदा होता, आणि आता तो सांभाळायचं काम थोरला म्हणून सयाजीकडं होतं.

"अहो, हा तुमच्याच भल्याचा कागद आहे," हरी म्हणाला. "इथं कोण फसवतंय तुम्हाला?"

"मी थोरला. मीच मोडला तर उंद्या कोन पाळंल?"

हरीनं नाथाजीकडं पाहिलं. नाथाजी शाईच्या डबीकडं बघत होता. एक शब्द बोलला असता, "दे दादा, माझी हरकत न्हाई," तर सगळं निभावलं असतं. त्यानं फक्त नाक शिंकरलं.

बाहेर जोत्याशी राहीबाईनं सयाजीला गाठलं. तिचे डोळे लाल होते आणि ते रडण्यानं नव्हते.

"आवं, नेम मानसाला वाचवाया केलाय का बुडवाया? द्या की अंगठा."

"काकीची राख गरम हाय अजून."

"काकी असती तर तिनं तुमचा हात धरून उठवला असता."

हरी सायकल ढकलत मोटार धरायला उंब्रजेला परत गेला. वीस तारीख आली आणि गेली. सयाजीनं त्या दिवशी राख सावडलेल्या जागेवर पाणी घातलं.

दहाव्याला कृष्णेच्या वाळवंटात पंचवीस-तीस माणसं जमली. पिंड मांडले, भाताचे गोळे ठेवले आणि सगळे मागं सरून बसले. समोरच्या बाभळीवर सात-आठ कावळे होते. एकही खाली येईना. ऊन वर चढलं, भाताला पापडी धरली. माणसं चुळबुळू लागली.

"नाथा, बोल की. म्हातारीचं काय ऱ्हायलंय?"

नाथाजी हात जोडून उभा राहिला. आई, तुझ्या नावानं घाटाला फरशी घालतो म्हणाला. आई, तुझ्या लेकीला दिवाळीला आणतो म्हणाला. कावळे चोची पुसत बसले. बारा वाजायला आले तसा लालासाहेब उठला. हा पलटणीतून हवालदार होऊन आलेला, भाऊबंदात सगळ्यात जास्त जग बघितलेला माणूस.

"नाथा, उगं आडवंतिडवं बोलू नगंस. म्हातारीला घोर एकच हुता. धावंचं बोल."

नाथाजीच्या बोडक्या डोक्यावरून घाम ओघळून भुवयांत आला. सयाजी वाळू बोटांनी उकरत होता. त्याला त्या क्षणी धाव नको होती, काकीनं जेवावं एवढंच पाहिजे होतं.

"आई," नाथाजी म्हणाला, "धाव पैल्यासारकी. दोगांची. मी आडवत न्हाई दादाला."

आता कावळ्यांना भूक लागली होती की वारा पडला होता, ते कावळेच जाणोत. पण एक खाली उतरला, दोन उड्या मारल्या आणि भातात चोच घातली. सगळे "शिवला, शिवला" म्हणत उठले. सयाजी ढसाढसा रडला. नाथाजीनं त्याला धरलं आणि तोही रडला. त्या वेळचं त्याचं रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

घरी आल्यावर राहीबाई म्हणाली, "उंद्याच्या उंद्या वकिलाकडं जावा."

"आता कशाला? त्येनं आईच्या पिंडापुढं सांगितलंय."

"तेरावं होऊ दे, मग कागद करू," नाथाजीही म्हणाला होता. तेरावं झालं. मग पाहुणे होते, ते जायचे होते. मग नाथाजीचं अंग मोडून आलं. एकतीस तारखेला सकाळी सयाजी बैल सोडून मोट जुंपायला गेला, तर धावेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बाभळीच्या ओल्या फांद्या पसरलेल्या, वर दगड ठेवलेले. नाथाजी पलीकडं बांधावर दात घासत होता.

"नाथा, ह्ये काय रं?"

"दादा, वाईट वाटून घेऊ नगंस. कावळा शिवावा म्हनून मानूस कायबी बोलतंय. तू त्ये खरंच धरलंस व्हय?"

सयाजीच्या हातातला कासरा खाली पडला. बैल सवयीनं धावेकडं निघाले आणि काट्यापाशी थबकले.

एक तारखेला तो कोळशावर चालणाऱ्या मोटारीत, वाटेत दोनदा उतरून ती ढकलत, गंगाधरपंतांच्या दारात पोचला. वकिलांनी अंगठा घेतला, कागद दाखल केले आणि मग टेबलावर दोन्ही कोपरं टेकून बसले.

"बारा दिवसांचा उशीर आहे सयाजीराव. कोर्ट माफ करू शकतं. पण कारण लागतं. आणि सगळ्याचं मिळून एक चालत नाही. एकेका दिवसाचं वेगळं."

"एकेका दिसाचं?"

"एकवीस तारखेला का आला नाहीत, बावीसला का नाहीत, असं. पंचवीसपर्यंत सुतक. पुढं?"

सयाजीनं सांगितलं. वाळवंट, भात, ऊन, लालासाहेब, सगळं. वकिलांनी लिहिता लिहिता टाक खाली ठेवला.

"कावळ्याचं लिहू?" त्यांनी विचारलं.

"त्येच खरं हाय."

"खरं आहे म्हणूनच भीती वाटते," वकील म्हणाले. पण त्यांनी लिहिलं.

लालासाहेब साक्षीला आला नाही. "गड्या, सायबापुढं उभं ऱ्हाऊन कावळ्याचं सांगू? हवालदार मानूस मी. हसतील मला," म्हणाला. बाकीच्यांची नाथाजीच्या गुऱ्हाळावर कामं होती. कुणी नाही आलं.

उशीर माफ करावा की नाही, एवढाच प्रश्न. पण त्यावर नाथाजीचं म्हणणं यायला पाहिजे होतं. फेब्रुवारीत तारीख लागली. नाथाजीचे वकील पुण्याला गेले होते. त्यांच्या सहायकानं अर्धा मिनिट उभं राहून पुढची तारीख मागितली, मिळाली. मार्चात नाथाजीला ताप होता. मिळाली. एप्रिलच्या सुरुवातीला वकिलांच्या घरात लग्न होतं. न्यायाधीश हसून म्हणाले, "मग काय, बोलावणं आहे ना?" आणि मिळाली. त्या दिवशी नाथाजी स्वतः हजर होता, गार उसाचा रस पिऊन आला होता. ताप का आला, किती दिवस होता, लग्न किती दिवसांचं, कुणी विचारलं नाही.

आणि इकडं ऊस पाणी मागत होता. पाणी तर होतंच, हक्काचं, निकालात लिहिलेलं. राहीबाई आणि लीलाबाई पहाटेपासून घागरी घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरायच्या. छत्तीस पायऱ्या खाली, छत्तीस वर, मग नाथाजीच्या धावेला वळसा घालून दोनशे पावलं, आणि घागर सरीत ओतायची. सरी ते पाणी ओठाला लावल्यासारखं पिऊन टाकायची आणि पुन्हा कोरडी दिसायची. सयाजी कावड करायचा. त्याच्या खांद्याला गळू झालं, ते फुटलं, त्यावर फडकं बांधून त्यानं कावड दुसऱ्या खांद्यावर घेतली. लीलाबाईच्या टाळूवरचे केस चुंबळीनं गेले. मार्च सरता सरता त्यांनी ठरवलं, दोन एकर होत नाही, विहिरीजवळच्या दहा सऱ्या तरी धरू. मग सहा धरल्या. बाकीच्या उसाची पानं खालून पिवळी होत वर चढली. वारा सुटला की तो कागदासारखा वाजायचा.

नाथाजीच्या मोटेचं पाणी शेजारून थारोळ्यात पडायचं, त्याचा आवाज दिवसभर यायचा. राहीबाई एकदा घागर घेऊन तिथंच उभी राहिली.

"भाऊजी, त्या थारोळ्यातून एक घागर भरू का? पायऱ्या तरी वाचतील."

"वैनी, माझं काय न्हाई. पर वकील म्हनालाय, येकदा भरू दिलं की वहिवाट पडती."

शेवटी कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागायच्या आधी, एप्रिलच्या अखेरीस, प्रकरण निघालं. न्यायाधीश तरुण होते, आवाज मऊ होता, चांगला माणूस दिसत होता. वाईट माणूस असता तर सयाजीला पुढं शिव्या तरी देता आल्या असत्या.

"पंचवीस तारखेपर्यंत सुतक, हे मी समजू शकतो," ते म्हणाले. "जरी आई नव्हती, चुलती होती."

"सायेब, तिनं पाजलंय मला."

नाथाजीचे वकील उठले. "अठरा तारखेला यांच्या वकिलांचा कारकून कागद घेऊन यांच्याकडं आला होता. यांनी अंगठा द्यायला नकार दिला. माझा अशील तिथंच बसला होता, त्यानं डोळ्यांनी पाहिलंय. हा उशीर नव्हे, ही बेफिकिरी आहे."

"हे खरं?" न्यायाधीशांनी सयाजीला विचारलं.

"खरं हाय," सयाजी म्हणाला. गंगाधरपंतांनी डोळे मिटले. सयाजीनं आज्याचा नेम सांगितला. त्याला वाटलं होतं, हे साहेबाला लगेच कळेल, कारण साहेबाचं कामच ते आहे.

"हा नियम तुमच्या भाऊबंदांचा. कायद्यात असं काही नाही."

"असाया पायजे हुतं, सायेब."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी कागद उलटला. "बरं. सव्वीस ते एकतीस?"

"नाथानं धाव दिली हुती."

"कुठं लिहून दिली?"

"पिंडापुढं बोलला. कावळा शिवला."

"साक्षीदार कोण, कावळा?" नाथाजीचे वकील म्हणाले, आणि मग सगळं कोर्ट हसलं. पट्टेवाला हसला, टाचण करणारा कारकून हसला. न्यायाधीश हसले नाहीत, पण त्यांनी टाकाचं टोक ओठांत धरलं. नाथाजी खाली बघत होता. सयाजीचे कान तापले. पन्नास वर्षांत त्याच्या काकीच्या नावानं कुणी हसलं नव्हतं.

"सायेब," तो मोठ्यानं म्हणाला, "ह्येला तीन बारी तारीक दिली. त्येला येका दिसाचं कारन इचारलं न्हाई."

गंगाधरपंतांनी त्याची बाही ओढली. न्यायाधीशांना राग आला नाही. त्यांनी समजावून सांगितलं, "तारीख वेगळी आणि मुदत वेगळी. तारीख कोर्टाच्या हातात असते. मुदत कायद्यानं ठरलेली. ती उलटली की समोरच्याचा हक्क पक्का होतो. मला वाईट वाटतं, पण सहा दिवसांचं समाधानकारक कारण नाही. अर्ज नामंजूर."

साडेअकरा वाजले होते. वहिवाट चाळीस वर्षांची होती की चारशे, हे कुणी उघडूनही पाहिलं नाही.

सयाजी बाहेर व्हरांड्यात आला आणि खांबाला टेकून बसला. त्याला पाणी पाहिजे होतं, पण रांजण दुसऱ्या टोकाला होता आणि उठवत नव्हतं. तेवढ्यात आत धावपळ झाली. शिपाई एका दालनातून दुसऱ्या दालनात पळाला. काळे कोट भराभर आत शिरले. पट्टेवाला बाहेर येऊन सयाजीवर खेकसला, "ए, उठ. उभा राहा. मुंडासं नीट कर."

सयाजी उभा राहिला. आत सगळे उभे होते, न्यायाधीशसुद्धा. कुणी बोलत नव्हतं. सयाजीला काही कळलं नाही, पण माणसं मान खाली घालून उभी आहेत म्हणजे कुणीतरी गेलंय, एवढं कळलं. त्यानंही मान खाली घातली आणि कोण ते माहीत नसताना त्याच्यासाठी हात जोडले.

मग सगळे बाहेर आले. हरी कारकून कागदांचा गठ्ठा छातीशी धरून जवळ आला.

"कोन गेलं, हरीभाऊ?"

"इथले जुने वकील. फार नामांकित. पहाटे गेले म्हणे. कोर्ट बंद केलंय दिवसभर."

"म्हंजी कोर्टालाबी सुतक असतंय?"

हरीनं गठ्ठा दुसऱ्या हातात घेतला.

"मग आज ज्यांची अखेरची तारीक हाय, त्येंचं काय?"

"त्यांनी उद्या दिलं तरी चालतं. कोर्टच बंद, तर आजचा दिवस धरत नाहीत."

"कारन?"

"कारण कुणी विचारत नाही," हरी म्हणाला, आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ गेली नाही.

वकील मंडळी पायऱ्या उतरत होती. एकानं पानाची चंची सोडली, दुसरा नाथाजीच्या वकिलांना लग्न कसं झालं ते विचारत होता. नाथाजी त्यांच्यामागून छत्री धरून चालला होता.

सयाजी दिवस मावळायला घरी पोचला. राहीबाईनं तोंडाकडं बघितलं आणि काही न विचारता पाण्याचा तांब्या दिला. त्यानं कोर्टाचं सगळं सांगितलं, बंद झाल्याचंही.

"त्यो मेलेला वकील," तिनं विचारलं, "त्येच्यासाटी कोन रडलं का तितं?"

"न्हाई. पान खात घरी गेली."

"मी तुमाला सांगितलं हुतं, अंगठा द्या म्हनून," ती म्हणाली. हे ती तीन महिने दररोज म्हणत होती, पण आज तिचा आवाज चढला नाही. सयाजीला ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तिघंही कोयते घेऊन उसात शिरली. अजून आठ महिन्यांनी गाळायचा ऊस, पण आता उभा ठेवून काही हाती लागणार नव्हतं. हिरवं आहे तोवर शेंड्याचं वाडं तरी बैलांना होईल. नाथाजीची मोट करकरत होती. सयाजीनं पहिलं कांडं हातात घेऊन मोडून पाहिलं. आत पांढरं, कोरडं भेंड पडलं होतं. त्यानं ते चोखून बघितलं नाही.

लीलाबाई तोडता तोडता थांबली. "मामंजी, ह्यांचं पत्र आलंय. मास्तरांनी वाचून दावलं. इचारलंय, औंदा ऊस कसा हाय, गुऱ्हाळ कवा लावायचं. सांजच्याला जबाब लिवून घ्यायचा हाय. काय सांगू?"

सयाजीनं कोयता मातीत रोवला आणि खांद्यावरचं फडकं सारखं केलं.

"लिव म्हनावं, ऊस लवकर तुटला औंदा."

"कशापाई म्हनून इचारतील ते."

"तितं लढाईत हाय त्यो. त्येला कारन नगं सांगूस," सयाजी म्हणाला आणि पुन्हा वाकला. राहीबाईनं तोवर वाड्याची पहिली पेंढी बांधून बांधावर टाकली होती.